नावाचा सातबारा

पुण्याच्या कॅम्पात 'बर्गर किंग' नावाचं एक रेस्टॉरंट १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. याच नावाच्या अमेरिकी कंपनीने भारतात आपल्या नावाची पहिली नोंदणी केली १९७९ साली, पण इथलं तिचं पहिलं दुकान उघडलं ते थेट नोव्हेंबर २०१४मध्ये, दिल्लीत. मधल्या काळात, २०११ साली, कंपनीने पुण्याच्या रेस्टॉरंटवर दावा लावला. २०२४मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी अपिलात गेली. डिसेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्यातल्या मालकांना ते नाव वापरायला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली.

या दाव्यात एका बाजूकडे नोंदणी आहे आणि दुसऱ्या बाजूकडे वर्षानुवर्षांचा वापर आहे. या दोन्हींतलं वजनदार कोणतं, यावर दीड दशकाच्या आसपास वकील भांडताहेत. यातून एक गोष्ट प्रत्येक व्यावसायिकाने मनाशी पक्की करावी: नाव वापराने मिळतं आणि कागदाने टिकतं. एकाच्या भरवशावर राहणारा कधी ना कधी अडचणीत येतो.

मराठी व्यावसायिक वापरात कमी पडत नाही. मालाची चव, वजन, वेळ, शब्द हे सगळं तो जिवापाड सांभाळतो. तो कमी पडतो कागदात. 'आमचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्याला कागद कशाला?' हे वाक्य बाजारपेठेत आणि औद्योगिक वसाहतीत सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येतं. त्या वाक्याची किंमत कळते ती शेजारच्या तालुक्यात त्याच नावाची दुसरी पाटी लागल्यावर.

कोणता कागद कशासाठी

'आमचा ब्रँड रजिस्टर आहे' असं सांगणाऱ्याकडे कागद मागितला, तर बरेचदा हाती येतो तो शॉप ॲक्टचा दाखला. कोणी 'उद्यम' नोंदणी दाखवतं, कोणी जीएसटी क्रमांक, कोणी फूड लायसन्स. हे सगळे कागद हवेतच, पण यांतल्या एकानेही नावावर हक्क मिळत नाही. शॉप ॲक्ट दुकान चालू असल्याचं सांगतो, जीएसटी कराचं बघतो, फूड लायसन्स अन्नाच्या सुरक्षिततेचं. कंपनी स्थापन करताना केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने नाव मंजूर केलं म्हणजे ट्रेडमार्क झाला, असंही नाही. उलट, आधीपासून नोंदलेल्या ट्रेडमार्कशी तुमच्या कंपनीचं नाव जुळत असेल, तर त्या ट्रेडमार्कचा मालक तीन वर्षांच्या आत अर्ज करून तुम्हाला कंपनीचं नाव बदलायला लावू शकतो. कंपनी कायदा, २०१३मध्येच ती सोय आहे.

नावाचा हक्क येतो तो व्यापारचिन्ह कायदा, १९९९मधून. हा कायदा १५ सप्टेंबर २००३पासून लागू झाला. आपल्या मालाला किंवा सेवेला इतरांच्या मालापासून वेगळं ओळखू देणारं जे काही असेल, मग तो शब्द असो, चित्र असो, अक्षरांची ठेवण असो, वेष्टन असो की रंगांची जुळणी, ते या कायद्याखाली नोंदवता येतं. जमिनीला जसा सातबारा, तशी नावाला ही नोंदणी. कसणाऱ्याने पिढ्यानपिढ्या कसलं तरी उताऱ्यावर नाव नसेल, तर सिद्ध करण्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर येतं.

कोणतं नाव टिकतं

नाव ठेवतानाच अर्धी लढाई जिंकली जाते किंवा हरली जाते. मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव कायद्याच्या नवव्या कलमात अडकतं. 'शुद्ध तूप', 'घरगुती मसाले', 'ताजी भाकरी' या शब्दांवर एकाचा हक्क मानला, तर बाकीच्यांनी आपला माल कोणत्या शब्दांत विकायचा? गावाचं नावही तसंच. नुसतं 'नाशिक' किंवा 'कोकण' कोणा एकाला मिळत नाही. याउलट मालाशी काही संबंध नसलेला किंवा नव्याने घडवलेला शब्द सर्वांत भक्कम. सुरुवातीला तो लोकांच्या तोंडी बसवायला वेळ लागतो, पण एकदा बसला की दुसऱ्या कोणाला तो 'सहज सुचला' असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे देवाच्या नावाने धंदा सुरू करण्याची रीत आहे. श्रद्धेचा मान राखूनही सांगायला हवं की ट्रेडमार्क म्हणून ही नावं कमकुवत असतात. उदबत्ती आणि सुगंधी द्रव्यांसाठी 'रामायण' या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धर्मग्रंथाचं नुसतं नाव कोणा एकाची मक्तेदारी होऊ शकत नाही, असा निकाल २०१५मध्ये लागला. त्या नावाला वेगळेपण देणारी जोड असेल, तर गोष्ट निराळी. झाडूंवरच्या 'लक्ष्मी' या नावासाठीही एक कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१७मध्ये न्यायालयाने तिला अंतरिम मनाई दिली नाही. लक्ष्मीपूजनाला ज्या घरात केरसुणीला हळदकुंकू वाहतात, त्या घरातल्या माणसाला हा निकाल समजावून सांगावा लागत नाही.

कर्नाटकात 'नंदिनी' या नावावरून असंच भांडण झालं. सहकारी दूध महासंघ १९८५पासून 'नंदिनी' नावाने दूध विकत होता आणि 'नंधिनी डिलक्स' नावाची उपाहारगृहं १९८९पासून चालू होती. दूध महासंघाने हरकत घेतली. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहाच्या बाजूने निर्णय दिला. नंदिनी हे पुराणातल्या गाईचं, सर्वांच्या ओळखीचं नाव, दोन्ही चिन्हांची मांडणी वेगळी आणि धंदेही वेगळे, असा त्याचा आधार होता. सर्वांच्या ओळखीचं नाव घेतलं, की ते इतरांबरोबर वाटून घ्यायची तयारी ठेवावी लागते.

अर्ज ते प्रमाणपत्र

समजा, सांगलीतल्या एक ताई मसाले करतात. सहा वर्षं झाली, घरातून सुरू केलेलं काम आता भाड्याच्या गाळ्यात गेलं आहे, तीन जिल्ह्यांत माल जातो. त्यांना नाव नोंदवायचं आहे. सुरुवात शोधापासून होते. केंद्र सरकारच्या पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क महानियंत्रक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध फुकट घेता येतो. नुसतं हुबेहूब नाव शोधून थांबू नये. उच्चारावरून शोधण्याची सोय तिथे आहे, ती वापरावी. कारण कायदा कानाने ऐकतो. स्पेलिंग बदललं, देवनागरीऐवजी रोमन लिपी घेतली, तरी ऐकायला सारखं असेल तर हरकत येते.

मग वर्ग ठरवायचा. जगभर मान्य असलेल्या वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, पहिले ३४ मालाचे आणि पुढचे ११ सेवांचे. मसाले, चहा, पीठ तिसाव्या वर्गात. दूध, तूप एकोणतिसाव्यात. कपडे पंचविसाव्यात. खानावळ किंवा उपाहारगृह त्रेचाळिसाव्यात. फी प्रत्येक वर्गाला वेगळी लागते. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. लघुउद्योगाला सवलतीसाठी 'उद्यम' प्रमाणपत्र जोडावं लागतं. आज मसाले आणि उद्या खानावळ असा विचार असेल, तर दोन्ही वर्गांचा हिशेब आत्ताच करावा.

अर्जाचा नमुना 'टीएम-ए'. त्यातला एक रकाना लहान दिसतो, पण पुढे सगळं त्यावर फिरतं: हे चिन्ह कधीपासून वापरात आहे? घाईत बरेच जण तिथे 'वापरण्याचा विचार आहे' असं भरून टाकतात. ताईंचा माल सहा वर्षं बाजारात आहे. त्यांनी पहिल्या विक्रीची तारीख लिहायला हवी, तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडायला हवेत. जुनी बिलबुकं, छापखान्याने पाकिटं छापून दिल्याची पावती, वर्तमानपत्रातली जाहिरात, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, नाव दिसेल असे तारखेसह फोटो. रद्दीत जाणारा हा ढीग पुढच्या भांडणात मोलाचा ठरतो.

अर्ज भरला की क्रमांक मिळतो आणि त्या दिवसापासून नावापुढे 'टीएम' लावायला हरकत नाही. खरं तर अर्ज नसतानाही 'टीएम' लावता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी पूर्ण झाल्यावरच. त्याआधी तो छापणं हा कायद्याचा भंग आहे.

त्यानंतर कार्यालयातला परीक्षक अर्ज तपासतो. त्याचे आक्षेप दोन तऱ्हांचे असतात: नावच नोंदणीला लायक नाही, किंवा ते आधीच्या एखाद्या चिन्हाशी जुळतं. 'ऑब्जेक्शन आलं' म्हणून बरेच जण हात टेकतात, पण आक्षेप म्हणजे नकार नव्हे. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि नीट उत्तराने, गरज पडली तर सुनावणीत, बरेच आक्षेप निघून जातात. मुदत हुकली तर मात्र अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. म्हणून अर्जात रोज बघितला जाणारा ईमेल द्यावा. एजंटाचाच ईमेल देऊन विसरून गेलेल्या माणसाला पत्र आल्याचं कळतही नाही.

परीक्षकाने मान्य केलं की चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये येतं. हे जर्नल दर सोमवारी संकेतस्थळावर निघतं आणि कोणालाही वाचता येतं. एकेका नोंदीत चिन्ह, अर्जाचा क्रमांक आणि तारीख, अर्जदाराचं नाव-पत्ता, कधीपासून वापर, कोणत्या मालासाठी आणि कोणत्या कार्यालयाच्या हद्दीतला अर्ज, एवढं सगळं असतं. मुंबई, अहमदाबाद, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशी पाच कार्यालयं आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईकडे जातात. काही नोंदींखाली एक अटही असते, की चिन्हातल्या अमुक शब्दावर स्वतंत्र हक्क नाही. जर्नलमध्ये आल्यापासून चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. कोणी आलं नाही, तर प्रमाणपत्र. कोणी आलं, तर तुमचं उत्तर, दोन्हींकडचे पुरावे आणि सुनावणी. त्याला वर्षंही लागू शकतात.

हे जर्नल आपलं नाव नोंदवून झाल्यावरही चाळत राहावं. तुमच्यासारखं नाव दुसरा कोणी नोंदवू पाहत असेल, तर त्याला रोखायची सर्वांत स्वस्त वेळ म्हणजे हेच चार महिने. आणखी एक सावधगिरी: पत्ता सर्वांसाठी खुला असल्यामुळे 'तुमची नोंदणी प्रलंबित आहे, ताबडतोब इतके पैसे भरा' अशी सरकारी भासणारी पत्रं येऊ शकतात. संकेतस्थळावर आपला अर्ज क्रमांक टाकून खात्री केल्याशिवाय एक रुपया पाठवू नये.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दहा वर्षं चालते. मग नूतनीकरण, दर दहा वर्षांनी, हवं तितक्या वेळा. ऑनलाइन फी वर्गामागे ९,००० रुपये. मुदत संपल्यावर सहा महिने जादा शुल्काने आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत नाव परत बसवून घेता येतं. त्यापुढे दार बंद. नोंदलेलं नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलंच नाही, तर दुसरा कोणी ते रद्द करायची मागणी करू शकतो.

मुलगी, गाई आणि कोंबड्या

नक्कल म्हणजे काय, हे समजून घ्यायला विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचा खटला वाचावा. 'पार्ले ग्लुको' बिस्किटांच्या वेष्टनावर एक चित्र होतं: मध्यभागी पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या, मागे शेतावरचं घर आणि झाडं. म्हैसूरच्या एका कंपनीने बिस्किटं काढली. तिच्या वेष्टनावरही मुलगी होती, पण डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. गाई होत्या, कोंबड्या होत्या, घर होतं, त्याला कुंपणही होतं. नाव वेगळं होतं. खालच्या न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला ही नक्कल वाटली नाही. फरक मोजले तर ते होतेच.

१९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवले. गिऱ्हाईक दुकानात दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधत बसत नाही, त्याच्या मनात चित्राचा एकूण ठसा असतो. तो ठसा सारखा असेल तर नक्कल झाली. १९६२च्या 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या खटल्यातही हीच कसोटी होती: साधारण बुद्धीचा, अंधुक आठवण घेऊन दुकानात आलेला माणूस. औषधांच्या बाबतीत कसोटी आणखी कडक आहे. मलेरियावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या नावांच्या खटल्यात २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की औषधाच्या नावातली गफलत जिवावर बेतू शकते.

म्हणून नावाबरोबर वेष्टनही नोंदवावं. खेड्यातल्या दुकानात 'तो पिवळा पुडा द्या' असं मागणारं गिऱ्हाईक नाव वाचत नाही, आणि नक्कल करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

नोंदलेल्या चिन्हाची नक्कल झाली, तर मालकाला स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नक्कल करणारा दिल्लीत असला, तरी सांगलीच्या ताईंना दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. ही सोय नोंदणीमुळे मिळते. खोटं व्यापारचिन्ह लावणं आणि तसा माल विकणं हे फौजदारी गुन्हेही आहेत. त्यांना सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड आहे.

नोंदणी राहून गेली असेल तर

राहून गेली म्हणून सगळं संपलं, असं नाही. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै' हलव्याचं दुकान १९००च्या सुमारापासूनचं. त्याच नावापुढे 'तिरुनेलवेली' जोडून दुसऱ्याने हलवा विकायला सुरुवात केली. नोंदणी दोघांकडेही होती, त्यामुळे आधीचा वापर कोणाचा, हाच प्रश्न उरला. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितलं, की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नुसत्या नोंदणीपेक्षा मोठा आहे.

त्याच वर्षीचा मुंबईच्या एका औषध कंपनीचा खटला दुसऱ्या टोकाचा. तिने 'रोफोल' नावासाठी १९९२मध्ये अर्ज केला, पण औषध बाजारात आणलं २००४मध्ये. दरम्यान दुसरी कंपनी १९९८पासून 'प्रोफोल' विकत होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष विकणाऱ्याला झुकतं माप दिलं. नाव नोंदवून अडवून ठेवायचं आणि वापरायचं नाही, हा मार्ग खात्रीचा नाही.

हे दोन निकाल वाचून 'मग नोंदणी कशाला?' असं कोणी म्हणेल. हलव्याच्या दुकानाला आपला वापर कोर्टात एकेक कागदाने सिद्ध करावा लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. तेवढा पैसा आणि तेवढी वर्षं किती छोट्या व्यावसायिकांकडे असतात? नोंदणी असेल तर हक्क आहे असं गृहीत धरूनच कोर्ट पुढे जातं. नसेल तर आपला लौकिक, समोरच्याने केलेली फसवणूक आणि आपलं नुकसान हे तिन्ही मांडावं लागतं.

आडनावाचा ब्रँड

मराठी धंद्यांची पाटी बहुधा आडनावाची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्या नावाचे हक्क पुढे 'किर्लोस्कर प्रोप्रायटरी' या स्वतंत्र कंपनीकडे ठेवले गेले आणि समूहातल्या कंपन्या करार करून नाव वापरू लागल्या. १९९५मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला: आडनाव किर्लोस्कर आहे म्हणून नव्या कंपनीला ते नाव लावता येईल का? न्यायालयाने मनाई कायम ठेवली. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा संरक्षण देतो, पण विचारपूर्वक नाव निवडून स्थापन केलेल्या कंपनीला ते संरक्षण आपोआप मिळत नाही.

यातलं घेण्यासारखं म्हणजे आधी केलेली लेखी व्यवस्था. भाऊ वेगळे होतात, भागीदारी मोडते, मुलगा दुसऱ्या शहरात शाखा काढतो. गाळा, यंत्रं, येणी-देणी यांची वाटणी कागदावर होते आणि सर्वांत मोलाचं नाव तोंडी राहतं. वाटणीपत्रात, भागीदारीच्या करारात, मृत्युपत्रात नावाचा वेगळा परिच्छेद असायलाच हवा: मालक कोण, कोण कुठे आणि कोणत्या मालासाठी वापरणार, दर्जा कोण तपासणार. फ्रँचायझी देतानाही तेच.

गावाचं नाव आणि परदेशातलं नाव

काही नावं एकाची नसतात, मुलखाची असतात. पैठणी, पुणेरी पगडी, कोल्हापुरी चप्पल यांच्यासाठी भौगोलिक मानांकनाचा वेगळा कायदा आहे. कोल्हापुरी चपलेला ते २०१९मध्ये मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल, कोल्हापूरचा उल्लेख न करता, मांडली आणि महाराष्ट्रात संताप उसळला. पण भारतातलं मानांकन भारतातच लागू होतं, ही कायद्याची हद्द त्या वेळी सर्वांना समजली.

ट्रेडमार्कचंही तसंच आहे. इथली नोंदणी दुबईत किंवा न्यू जर्सीत कामाची नाही. भारत जुलै २०१३पासून ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये आहे. इथल्या अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारे एकाच अर्जात अनेक सदस्य देशांत संरक्षण मागता येतं. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती हे त्यात आहेत. पहिला कंटेनर रवाना होण्याआधी हा अर्ज व्हावा. तिथल्या वितरकाने तुमचं नाव आपल्या नावावर केलं, तर तुमचाच माल तुम्हाला तिथे विकता येणार नाही.

अर्जदार कोण?

अर्जाच्या सुरुवातीलाच अर्जदाराचं नाव विचारलेलं असतं, आणि घरगुती उद्योगांच्या बाबतीत तोच रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मसाला कुटते बाई, चव तिची, गिऱ्हाइकं तिने जोडलेली. आणि अर्ज भरला जातो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने, कारण 'कागदपत्रांचं तेच बघतात'. बचत गटाच्या लोणच्याचं नाव मदत करणाऱ्या संस्थेच्या किंवा व्यापाऱ्याच्या नावावर नोंदलं जाऊ शकतं, आणि दहा वर्षांनी त्या बायकांना कळतं की आपण घडवलेल्या नावावर आपला काही हक्क नाही. कायद्यात एकट्या बाईला अर्ज करता येतो, दोघीतिघींना मिळूनही करता येतो.

महाराष्ट्रातल्या असंख्य बायकांचं नाव शेताच्या उताऱ्यावर नाही, घराच्या कागदावर नाही. त्यांनी स्वतः कमावलेली, स्वतःच्या नावावर करता येण्याजोगी पहिली मालमत्ता हे नावच असू शकतं. तिची सरकारी फी साडेचार हजार रुपये आहे. घरात कोणी असा धंदा करत असेल, तर या दिवाळीत तिची जुनी बिलबुकं एकत्र करा, संकेतस्थळावर शोध घ्या आणि अर्ज भरा. अर्जदार म्हणून तिचंच नाव लिहा.